मोडीतला कागद आपला, मग वाचता का येत नाही?

२०२३च्या शेवटच्या महिन्यांत महाराष्ट्रातल्या तहसील कचेऱ्यांमधली जुनी दप्तरं पुन्हा उघडली गेली. मराठा आरक्षणाच्या प्रश्नातून कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती काम करत होती. जन्ममृत्यूची नोंदवही, जिला खेड्यात कोतवाल बुक म्हणतात, शाळांची जनरल रजिस्टरं, जमिनीचे जुने कागद असं सगळं पान न् पान चाळलं जात होतं. पण मध्येच काम अडायचं, कारण कितीतरी पानं मोडी या मराठीच्या जुन्या लिपीत होती. मग मोडी वाचणाऱ्या माणसांचा शोध सुरू झाला.

त्या दिवसांत एक प्रश्न पुष्कळ ठिकाणी कानावर आला. नोंद आमच्या पणजोबांची, गाव आमचं, भाषा मराठी. मग आम्हालाच ती वाचता का येऊ नये? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं नीट उत्तर द्यायचं तर लिहिणं ही गोष्ट मुळात काय आहे, इथपर्यंत जावं लागतं.

आमच्याही घरात असाच एक प्रसंग झाला. आत्याच्या ट्रंकेत दोन मोडी कागद होते, घड्यांवर विरलेले. जमिनीचं खत असणार, असं सगळे धरून चालले होते. शेवटी मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांकडे ते नेले. त्यांनी कागद उजेडात तिरका धरला आणि वाचायला लागले: तांदूळ इतके पायली, गुळाची ढेप, तूप, सुत, वाजंत्र्यांना इतके, न्हाव्याला इतके. लग्नाच्या खर्चाची यादी होती ती. आत्याला त्यातलं एकही अक्षर लागत नव्हतं, पण शब्द कानावर पडला रे पडला की ती पुढचं सांगायची. ढेप कुठून यायची, वाजंत्री कुठल्या गावचे असायचे, सगळं. इतकी वर्षं तो कागद तिच्या ट्रंकेत होता, आणि तिच्याच भाषेत होता.

भाषा वेगळी, लिपी वेगळी

भाषा तोंडात आणि कानात असते. लिपी म्हणजे त्या भाषेसाठी ठरवलेल्या खुणा. दोन्ही इतक्या सवयीच्या झालेल्या असतात की आपण त्यांना एकच समजतो. फरक पाहायचा असेल तर एखादं नेपाळी वर्तमानपत्र हातात घ्या. लिपी देवनागरी, त्यामुळे घडाघडा वाचता येईल, पण अर्थ बराचसा निसटेल. मोडी कागदाचं याच्या नेमकं उलट होतं. वाचता येत नाही, पण कोणी वाचून दाखवलं की कळतं.

एकाच भाषेनं अनेक लिपी वापरल्याची उदाहरणं आपल्या अगदी जवळ आहेत. कोकणी देवनागरीत लिहितात, रोमन, कन्नड आणि मल्याळम अक्षरांतही लिहितात. गोव्याच्या १९८७च्या राजभाषा कायद्यानं देवनागरी कोकणीला राजभाषा केलं, तरी रोमन कोकणी आजही गोव्यात जिवंत आहे. मराठीचंही तसंच. १६१६ मध्ये गोव्यात राचोलला फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण छापलं गेलं. ओव्या मराठी, अक्षरं रोमन. तेव्हा देवनागरीच्या छपाईचे खिळे हाताशी नव्हते. आज फोनवर रोमन अक्षरांत मराठी लिहिणाऱ्या मुलांना आपण बोलतो, पण ती वाट चारशे वर्षं जुनी आहे. तिचा तोटा मात्र खरा आहे: एम-ए-एल-ए असं लिहिलं तर ते मला, माला, मळा की माळा, हे वाचणाऱ्यालाच ताडावं लागतं.

मराठीच्या घरात तर दोन लिपी शेजारी शेजारी नांदत होत्या. पोथ्या आणि पुढे छापील पुस्तकं बालबोधीत, म्हणजे आपल्या देवनागरीत. हिशेब, पत्रं, सरकारी कागद मोडीत. मोडी घाईच्या कामासाठी घडलेली आहे. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षर अक्षराला जोडत जायचं. शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, विरामचिन्हं नाहीत, ह्रस्व-दीर्घाचा भेदही पाळायचा नाही. आत्याच्या यादीतलं ‘सुत’ हे ‘सूत’ही असू शकलं असतं आणि मुलगा या अर्थाचं ‘सुत’ही. पण गूळ-तुपाच्या रांगेत कोणी मुलगा खरेदी करत नाही, म्हणून वाचणारे गृहस्थ तिथे अडले नाहीत.

छपाईनं बालबोधीची बाजू घेतली. शाळेत तीच शिकवली जाऊ लागली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारातून उठली. पणजोबांचा कागद आपल्याला का लागत नाही, याचं थेट उत्तर एवढंच. पण मग लिहिलेली गोष्ट इतक्या सहज मुकी का होते? बोलण्याचं तसं होत नाही. मूल दोन-तीन वर्षांत घरातली भाषा उचलतं, त्यासाठी शाळा लागत नाही. वाचायला मात्र प्रत्येक मुलाला कोणीतरी बसून शिकवावं लागतं. बोलणं आपसूक येतं. लिहिणं हा माणसांनी आपसांत केलेला ठराव आहे. ठराव माहीत असणारी माणसं संपली की कागद उरतो आणि त्यातलं बोलणं संपतं.

सुरुवात हिशेबातून झाली

लिहिण्याचा शोध कविता किंवा प्रार्थना जपण्यासाठी लागला असावा, असं वाटणं साहजिक आहे. पुरावा वेगळं सांगतो. आजच्या इराकमधल्या उरुक नगरात सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्या सापडल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक पाट्या हिशेबाच्या आहेत. किती जव आलं, किती गेलं, कोणाच्या जिम्म्यात आहे. एका प्रसिद्ध पाटीवर २९,०८६ मापं जव, ३७ महिने आणि ‘कुशिम’ असं नाव आहे. कुशिम हा माणूस की एखादं अधिकारपद, यावर अभ्यासकांत वाद आहे. माणूस असेल, तर नाव लिहून ठेवलं गेलेल्या अगदी पहिल्या माणसांपैकी तो एक, आणि तो धान्याचा हिशेब ठेवणारा होता.

मला यात कमीपणा वाटत नाही. किराणा दुकानदाराची उधारीची वही आठवा. दोन-चार गिऱ्हाइकं असतील तर त्याला वही लागत नाही. गिऱ्हाइकं शंभर झाली की डोकं पुरत नाही, आणि डोकं पुरलं तरी तंटा झाल्यावर ते काढून दाखवता येत नाही. वही दाखवता येते. आपल्याकडे जुन्नरजवळच्या नाणेघाटातला सातवाहन काळातला लेख पाहा. दोन हजार वर्षांपूर्वीचा, भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. त्यात यज्ञ किती केले आणि दक्षिणा म्हणून गायी, घोडे, नाणी किती दिली, हे आकड्यांनिशी कोरलं आहे. भाव धार्मिक असला तरी मांडणी खर्चाच्या यादीचीच आहे.

पण गायीसाठी गायीचं चित्र आणि त्यापुढे आकडा, एवढ्यानं भाषा लिहिता येत नाही. ‘कुशिम’ या नावाचं चित्र कसं काढणार? इथे माणसानं एक विलक्षण युक्ती काढली. मराठीत सांगतो. पाण्यातली नाव, म्हणजे होडी, काढणं सोपं आहे. पण माणसाचं ‘नाव’ काढता येत नाही. तेव्हा होडीचं चित्र काढायचं आणि म्हणायचं, हे होडी म्हणून पाहू नका, मोठ्यानं उच्चारा. तसंच मानेचं चित्र काढून आदर या अर्थाचा ‘मान’ लिहिता येईल. चित्र वस्तूपासून सुटलं आणि आवाजाला चिकटलं. सुमेरी भाषेत बाण आणि जीवन या दोन्हींचा उच्चार ‘ती’ असा होता, म्हणून तिथे बाणाचं चित्र जीवनासाठी वापरता आलं. याच युक्तीमुळे पुढे कुठलंही वाक्य लिहिणं शक्य झालं.

इथे एक गंमत आपल्या मराठीचीही आहे. जुन्या पुस्तकांत माणसाचं ‘नांव’ अनुस्वार देऊन लिहीत आणि होडी ‘नाव’ अशी बिनटिंबाची. उच्चारात तो अनुस्वार कधीच विरला होता, पण कागदावर तो फरक सांगत उभा होता. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. बोलण्यात काडीचा बदल झाला नाही. बदलला तो फक्त ठराव.

‘पण मराठी तर बोलतो तशीच लिहितो ना?’

हा आक्षेप हमखास येतो, आणि इंग्रजी स्पेलिंगशी तुलना केली तर त्यात तथ्यही आहे. तरी ‘चहा’ आणि ‘चाक’ हे शब्द मोठ्यानं म्हणून पाहा. दोन्हींतला च वेगळा आहे, जिभेची जागाच वेगळी आहे. अक्षर मात्र एकच. ‘जरा सरक’ मधला ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’ कागदावर हुबेहूब सारखे दिसतात. ‘मुलगा’ लिहिताना ल पूर्ण असतो, म्हणताना आपण ‘मुल्गा’ म्हणतो. हे आपल्याला खटकत नाही, कारण भाषा आधीच कानात असते आणि अक्षरं फक्त आठवण करून देतात. मराठी नव्यानं शिकणाऱ्याला विचारा, तो ‘चमचा’ या एका शब्दावर किती अडखळतो ते सांगेल.

याहून मोठी गळती सुराची असते. घरात आई ‘बरं’ म्हणते. त्या एका शब्दात संमती असते, राग असतो, ‘बघते तुला नंतर’ही असतं. तेच ‘बरं’ फोनच्या पडद्यावर आलं की मुलगा अर्धा तास विचार करत बसतो, आई चिडली आहे का. जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या महाराष्ट्रातल्या खेड्यांतून गोळा करून लिहून ठेवल्या गेल्या आहेत. फार मोलाचं काम आहे ते. पण ओवी कागदावर आली तेव्हा जात्याची घरघर, दुसऱ्या बाईनं धरलेली साथ, दळताना लागलेला दम मागे राहिला. शब्द वाचले, हे थोडं नाही. सगळी ओवी वाचली, असं मात्र म्हणता येत नाही.

समोर कोणी नसतं म्हणून

लिहिण्याबद्दल एकच गोष्ट ध्यानात ठेवायची असेल तर मी ही सांगेन: लिहिणारा लिहितो तेव्हा वाचणारा समोर नसतो, आणि वाचणारा वाचतो तेव्हा लिहिणारा समोर नसतो. लिखाणाच्या बहुतेक चालीरीती ही उणीव भरून काढण्यासाठी आल्या आहेत.

स्वयंपाकघरात आई शेजारी उभी असते तेव्हा तिला मापं सांगावी लागत नाहीत. ‘घाल, अजून थोडं, बास’ एवढ्यावर काम होतं. तीच कृती तिनं परगावच्या लेकीला लिहून पाठवली की ‘चवीपुरतं मीठ’ या शब्दांपाशी लेक हातात डबा धरून थांबते. विचारायला आई नाही. समोरासमोर बोलताना आपण किती गोष्टी हातवाऱ्यांवर, नजरेवर आणि मागल्या ओळखीवर सोडलेल्या असतात, ते लिहायला बसल्यावरच कळतं. चांगलं लिहिणं अवघड वाटतं याचं मुख्य कारण हेच आहे, असं माझं मत आहे. शब्द आपल्यापाशी असतात. वाचणाऱ्याला काय माहीत नाही, याचा अंदाज नसतो.

विरामचिन्हंही याच गरजेतून आली. ती मराठीत रुळली एकोणिसाव्या शतकात, आणि त्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा आहे. बोलताना जिथे श्वास घेतला असता, तिथे आता स्वल्पविराम थांबायला सांगतो.

जुन्या पत्रांतले ठरीव शब्द आठवतात? तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार. पत्रास कारण की. कळावे, लोभ असावा. ता. क. आज ते शब्द भरताड वाटतात, पण प्रत्येकाला नेमून दिलेलं काम होतं. दारात आलेला माणूस चपला काढतो, नमस्कार करतो, मग विषयाला हात घालतो. कागदाला पाय नसतात, म्हणून हे सगळं शब्दांनी करायचं. ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजश्री. समोरच्याचा मान दोन अक्षरांत राखला जाई.

आणि खोटेपणाचं काय? बोलणाऱ्याचा चेहरा दिसतो, कागदाचा दिसत नाही. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ अशी लहान मुद्रा उमटवत, म्हणजे इथे मजकुराची सीमा झाली. त्याखाली मागाहून कोणी ओळ घुसडली तर ती उघडी पडे. शिक्कामोर्तब हा शब्द आपण रोज वापरतो, तो याच व्यवहारातला. ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार तर याच भीतीवर उभा आहे. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आनंदीबाईंनी आज्ञापत्रातल्या ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं, अशी आख्यायिका आहे. ती इतिहास म्हणून सिद्ध झालेली नाही आणि एका स्त्रीवर तो आळ तसाच ठेवणं मला योग्य वाटत नाही. पण लोकांनी ती अडीचशे वर्षं सांगितली, कारण एका अक्षरानं माणूस मरू शकतो हे सगळ्यांना पटण्यासारखं होतं.

‘वेद तर न लिहिताच टिकले’

टिकले, आणि फार शुद्ध टिकले. पण कसे, ते पाहा. पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा पद्धतींनी तेच शब्द सुटे करून, जोड्या लावून, उलटसुलट फिरवून पाठ केले जात, म्हणजे एक स्वर चुकला तरी पकडला जावा. त्यासाठी लहानपणापासून वर्षानुवर्षं झटणारी माणसं लागली. न बदलणाऱ्या मजकुरासाठी ही व्यवस्था अपूर्व आहे. पण गावच्या पाहणीपत्रकातली पिकं दरवर्षी बदलतात आणि जमिनीचे फेरफार होत राहतात. ते कोण आणि किती पाठ करणार?

‘आता आवाजच पाठवतो, मग लिहायचं कशाला?’

आवाजाचे निरोप फार मोलाचे आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना त्यांनी बोलतं केलं, आणि आईच्या ‘बरं’मधला सूर परत आणला. पण लग्नाला कुठे यायचं हे काकांनी चार मिनिटांच्या निरोपात सांगितलं असेल, तर पत्ता शोधायला सगळा निरोप पुन्हा ऐकावा लागतो. लिहिलेल्या पत्त्यावर नजर एका क्षणात जाते. आवाज काळाच्या ओघात धावतो, लिखाण पानावर स्थिर बसतं. म्हणून ते चाळता येतं, दोन कागद शेजारी ठेवून ताडून पाहता येतात. फोनला बोलून मजकूर टाइप करून घेतला, तरी शेवटी हातात येतं ते लिखाणच.

इमोजींमुळे आपण पुन्हा चित्रलिपीकडे चाललो आहोत, असंही म्हणतात. मला ते पटत नाही. ‘आत्यानं काल पैसे दिले नाहीत’ हे नुसत्या इमोजींत लिहून पाहा. ‘काल’ कसं दाखवाल, ‘नाहीत’ कसं दाखवाल? इमोजी शब्दांची जागा घेत नाहीत. कागदावर गळलेला सूर आणि चेहरा ते थोडाफार भरून देतात, आणि म्हणूनच ते इतके हवेसे झाले.

वाचणारा उरला नाही की

एके काळी ब्राह्मी लिपीही कोणाला लागत नव्हती. अशोकाचे शिलालेख शेकडो वर्षं लोकांच्या नजरेसमोर मुके उभे होते. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ती लिपी उलगडली. सांचीच्या कठड्यांवरचे छोटे छोटे लेख पाहताना त्यांच्या लक्षात आलं की बहुतेकांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतो. देवस्थानात लोक खांब, फरशा, पायऱ्या देतात आणि त्यावर नाव घालतात, हे आपल्याला कुठल्याही देवळात दिसतं. मग शेवटचा शब्द ‘दानं’ असणार! त्या अंदाजानं द आणि न हाती आले आणि पुढची वाट सुटत गेली. रिवाजाची ओळख होती, म्हणून अक्षरांची ओळख पटली.

सिंधू संस्कृतीच्या मुद्रांना हे भाग्य अजून लाभलेलं नाही. लेख फार आखूड आहेत, सरासरी पाचेक खुणांचे. त्यामागची भाषा कोणती हे माहीत नाही, आणि तोच मजकूर दुसऱ्या ओळखीच्या लिपीतही आहे असा एकही लेख मिळालेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये तमिळनाडूचे मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी ही लिपी उलगडणाऱ्यासाठी दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. बक्षीस मोठं आहे, पण ठराव करणारी माणसं चार हजार वर्षांपूर्वीच निघून गेली आहेत.

मोडीचं तसं नाही, आणि याचा मला मनापासून दिलासा वाटतो. तिची भाषा आपल्या तोंडात आहे आणि अक्षरओळख होऊ शकते. आजही ती जाणणारी माणसं आहेत, वर्ग चालतात, विद्यार्थी येतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आणि तंजावरच्या सरस्वती महालात रुमालांत बांधलेले मोडी कागद वाट पाहत आहेत. अडचण अक्षरांपाशी संपत नाही, हेही खरं. कागदावर सन असतो तो शके, फसली किंवा सुहूर अशा जुन्या कालगणनांतला. त्याचा आजच्या सालाशी मेळ घालावा लागतो. लघुरूपं सोडवावी लागतात. लिहिणाऱ्या कारकुनानं हे सगळं मोघम ठेवलं, कारण वाचणारा शेजारच्या कचेरीत बसतो हे त्याला माहीत होतं. शंभर वर्षांनी कोणी परका डोळे ताणून पाहील, हे त्याच्या ध्यानीमनीही नसणार.

आत्याच्या कागदांचं वाचन त्या गृहस्थांनी आम्हाला बालबोधीत उतरवून दिलं. ढेप कुठली, वाजंत्री कुठले, हे आत्यानं सांगितलेलं आम्ही समासात पेन्सिलीनं लिहिलं. लग्न कोणाचं होतं तेही लिहिलं, कारण मूळ यादीत नवरा-नवरीची नावंच नव्हती. घरात तेव्हा ती सगळ्यांना ठाऊकच होती. खाली तारीख घातली, वाचून देणाऱ्यांचं नाव घातलं आणि तो कागद मूळ कागदांसोबत ट्रंकेत ठेवला.